डब्लिनच्या ट्राममध्ये दोन मीटर: ब्लूटूथवरून अंतर काढताना हिशोब कुठे चुकला

ट्राममध्ये बसलेले दोन अनोळखी प्रवासी १५ मिनिटे एकमेकांपासून दोन मीटरच्या आत होते का, हे त्यांच्या फोननी एकमेकांशी पेअर न होता, कोणाला काही न विचारता ओळखायचे. २०२० साली कोविडसाठी निघालेल्या संपर्कशोध अ‍ॅप्सकडून मागणी एवढीच होती. ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी त्या वर्षाच्या मध्यात हे खरोखर जमते का ते एका ट्राममध्ये मोजून पाहिले. डब्यात ठिकठिकाणी बसलेल्या स्वयंसेवकांकडे अँड्रॉइड फोन दिले, गूगल आणि अ‍ॅपलची संपर्क-सूचना यंत्रणा चालू ठेवली आणि फोनच्या जागांच्या ६० जोड्यांची मोजमापे घेतली. मग त्याच आकड्यांवर स्वित्झर्लंड, जर्मनी आणि इटलीच्या अ‍ॅप्सचे नियम चालवून पाहिले.

स्विस आणि जर्मन नियमांनी एकही इशारा दिला नाही. इटलीच्या नियमाने खरोखर जवळ असलेल्या जोड्यांपैकी ५० टक्के पकडल्या, आणि दूर असलेल्या जोड्यांपैकीही ५० टक्क्यांना जवळ ठरवले. नाणेफेक केली असती तरी हाच निकाल आला असता.

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे उंबरठ्याचा आकडा, म्हणजे सिग्नल किती क्षीण झाला की ‘दूर’ म्हणायचे ती मर्यादा, बदला. तो का पुरत नाही, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पेअर न होता फोन एकमेकांना दिसतात कसे

ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये प्रत्येक उपकरण हवेत छोटे अ‍ॅडव्हर्टाइजिंग पॅकेट सोडू शकते. ते ऐकायला ना जोडणी लागते, ना परवानगी, ना पिन. ही पॅकेटे तीन ठरावीक चॅनेलवर जातात: ३७, ३८ आणि ३९, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. ऐकणाऱ्या फोनला पॅकेटातल्या मजकुरासोबत एक आकडा मिळतो, आरएसएसआय. पॅकेट किती जोरात ऐकू आले हे तो डीबीएम या ताकदीच्या एककात सांगतो. जवळच्या फोनचा −५० च्या आसपास, दूरच्याचा −९० पर्यंत, आणि त्याखाली बहुतेक पॅकेटे ऐकूच येत नाहीत.

साध्या फोनचा असा पाठलाग मात्र करता येत नाही. फोन उगीच सतत पॅकेटे सोडत नाही, आणि सोडली तरी त्यांवरचा पत्ता साधारण १५ मिनिटांनी बदलतो. पेअर न झालेल्या उपकरणाला जुना आणि नवा पत्ता एकाच फोनचा आहे हे कळायला मार्ग नसतो. त्यात आयफोनवर अ‍ॅप मागे गेले की त्याची ओळख पॅकेटच्या एका वेगळ्या कप्प्यात जाते, आणि नेमके तेच शोधणाऱ्या दुसऱ्या अ‍ॅपल उपकरणालाच ती दिसते. ब्रिटनने मे २०२० मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर स्वतःचे अ‍ॅप चालवून पाहिले तेव्हा ते जवळच्या अँड्रॉइड फोनपैकी ७५ टक्के ओळखत होते आणि आयफोनपैकी फक्त ४ टक्के. जूनमध्ये ते गुंडाळले गेले.

गूगल-अ‍ॅपलची यंत्रणा ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातच असल्यामुळे ही अडचण तिला नव्हती. तिची घोषणा १० एप्रिल २०२० ला झाली आणि २० मे रोजी ती देशांना वापरायला मिळाली. फोन दर सेकंदाला चारेक वेळा एक पॅकेट सोडतो. त्यात १६ बाइटांची फिरती ओळख असते, ती दहा ते वीस मिनिटांनी बदलते, आणि सोबत ४ बाइट कुलूपबंद माहिती. पॅकेट किती ताकदीने सोडले, तो आकडा या चार बाइटांत असतो. बाधित व्यक्तीच्या फोनमधल्या किल्ल्या, म्हणजे फिरत्या ओळखी ज्यांतून बनतात ते गुप्त आकडे, जाहीर झाल्यावरच हे कुलूप उघडते, म्हणून अंतराचा अंदाज त्या क्षणी निघत नाही, काही दिवसांनी निघतो. तोपर्यंत फोनकडे फक्त ‘इतक्या वाजता हे पॅकेट इतक्या जोरात ऐकू आले’ एवढी नोंद असते.

नंतर हिशोब असा: सोडलेल्या ताकदीतून ऐकू आलेली ताकद वजा करायची. उरते ती घट, डेसिबलमध्ये. प्रत्येक मॉडेलचा अँटेना वेगळा असल्यामुळे दोन्ही बाजूंना मॉडेलनिहाय दुरुस्तीचा आकडाही लावला जातो. घट कमी असेल तर फोन जवळ, जास्त असेल तर दूर. कागदावर इथपर्यंत सगळे ठीक आहे.

कागदावरचे अंतर

मोकळ्या जागेत, मध्ये काहीही नसताना, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची घट एका मीटरला ४० डेसिबल असते. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल वाढतात: दोन मीटरला ४६, चारला ५२, आठला ५८. या हिशोबाने तीन देशांचे उंबरठे पाहू. स्वित्झर्लंडने सुरुवातीला ५० आणि ५५ डेसिबल धरले होते, जर्मनीने ५५ आणि ६३, इटलीने ७३. मोकळ्या जागेत ५० डेसिबल म्हणजे तीन मीटरांहून थोडे जास्त, ५५ म्हणजे साडेपाच, ६३ म्हणजे १४ आणि ७३ म्हणजे जवळपास ४५ मीटर.

म्हणजे दोन मीटरचे अंतर ओळखायला ठेवलेले हे आकडे भौतिकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे फारच सैल आहेत. तरीही ट्राममध्ये दोन मीटरच्या आत बसलेल्यांची घट ६३ च्या खाली पुरेसा वेळ आलीच नाही. मधले डेसिबल खाल्ले ते अँटेनाने, हाताने, खिशाने आणि माणसांनी.

नेहमी वापरले जाणारे सूत्र हे आहे:

अंतर (मीटर) = १० चा घात [(क − र) ÷ (१० × न)]

इथे ‘क’ म्हणजे एका मीटरवर मोजलेला आरएसएसआय, ‘र’ म्हणजे आत्ता मिळालेला, आणि ‘न’ म्हणजे त्या जागेत सिग्नल किती झपाट्याने ओसरतो याचा घातांक. मोकळ्या जागेत ‘न’ दोन असतो. खोल्या-भिंतींच्या इमारतीत तीन किंवा अधिक, आणि लांबट धातूच्या बोगद्यासारख्या जागेत दोनपेक्षाही कमी, कारण लहरी भिंतींवर आपटून पुढेच ढकलल्या जातात.

क = −५९ आणि र = −७५ धरा. न = २ असेल तर अंतर ६.३ मीटर. न = ३ असेल तर ३.४ मीटर. न = १.६ असेल तर बरोबर १० मीटर. फोनला मिळालेला आकडा तोच आहे, जागेबद्दलचे गृहीतक फक्त बदलले. इंटरनेटवर या सूत्राचे तयार कोड ढिगाने मिळतात आणि त्यांतल्या बहुतेकांत ‘न’ कायमचा दोन असतो. असला कोड मीटरमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर छापतो तेव्हा त्यातला पहिला अंकही विश्वासाचा नसतो.

शिवाय आरएसएसआय हा आकडाच मुळात ढोबळ. ब्लूटूथच्या मानकात त्याला अधिक-उणे ६ डेसिबलची मुभा होती. न = २ धरला तर ६ डेसिबल म्हणजे दुप्पट किंवा निम्मे अंतर. दोन मीटरवरचा फोन, इतर काहीही न बिघडता, एक मीटरवर किंवा चार मीटरवर दिसू शकतो.

ट्रामच्या डब्यात काय होते

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. डब्याच्या धातूवरून परतलेली लहर आणि थेट आलेली लहर एकत्र येतात तेव्हा काही ठिकाणी त्या एकमेकींना बळ देतात आणि काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. जोराची जागा आणि खड्डा यांत तीनेक सेंटिमीटरचेच अंतर असू शकते. मांडीवरचा फोन गुडघ्याकडे सरकवला की सिग्नल १० डेसिबलने पडतो, माणूस मात्र तसूभरही हललेला नसतो. खड्ड्याची जागा वारंवारतेवर अवलंबून असते, म्हणून ३७ नंबरच्या चॅनेलवर खड्ड्यात असलेला फोन ३९ वर व्यवस्थित ऐकू येतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही अ‍ॅपला आरएसएसआय देतात, पण पॅकेट तीनपैकी कोणत्या चॅनेलवर आले ते सांगत नाहीत. तीन वेगळ्या मोजपट्ट्यांचे आकडे एकाच रकान्यात पडतात.

दुसरी गोष्ट माणसाचे शरीर. त्यात बहुतेक पाणी, आणि पाणी ही वारंवारता शोषते. दोन फोनच्या मध्ये एक धड आले की १० ते २० डेसिबल सहज जातात. अंतर तिप्पट झाल्यावर साडेनऊ डेसिबल जातात, हे शेजारी ठेवून पाहा. गूगल-अ‍ॅपलची यंत्रणा ब्रिटनने तपासली तेव्हा समोर आलेली गोष्ट इथे उलगडते: एका मीटरवर खिशात ठेवलेला फोन आणि तीन मीटरवर हातात धरलेला फोन यांत यंत्रणेला फरक करता येईना. मोकळ्या हवेचे ४० आणि शरीराचे १५ मिळून खिशातल्या फोनचे ५५ डेसिबल होतात. हातातला फोन तीन मीटरवर असूनही त्याचे ४९.५. जवळचा दूर दिसतो आणि दूरचा जवळ.

तिसरी गोष्ट मोजण्याची वेळ. बॅटरी वाचावी म्हणून फोन सतत ऐकत नाही. साधारण तीन ते पाच मिनिटांतून एकदा, चारेक सेकंद कान देतो आणि पुन्हा झोपतो. १५ मिनिटांच्या प्रवासात अशी तीन-चार झलक मिळते, आणि प्रत्येक झलकीला तिच्या आधीची सगळी मिनिटे बहाल केली जातात. एक झलक खड्ड्यात पडली की चार मिनिटे गेली.

हे तीन नियम एका जोडीवर चालवून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण असे आकडे डब्यात येतात. अ आणि ब एका बाकावर शेजारी आहेत, एकाचा फोन हातात, दुसऱ्याचा पँटच्या खिशात. चार-चार मिनिटांच्या अंतराने चार झलकी: ५८, ६६, ६४, ६९ डेसिबल. स्विस नियमात ५० खालचा वेळ पूर्ण आणि ५० ते ५५ मधला अर्धा मोजायचा. इथे शून्य मिनिटे. जर्मन नियमात ५५ खालचा पूर्ण आणि ५५ ते ६३ मधला अर्धा. फक्त पहिली झलक बसते, तिची दोन मिनिटे. १५ भरायला १३ कमी. इटलीच्या नियमात ७३ खालचे सगळे पूर्ण, म्हणून १६ मिनिटे आणि इशारा.

आता तिसरा प्रवासी क (सूत्रातला ‘क’ नव्हे), याच बाकापासून साडेचार मीटरवर, मधल्या वाटेच्या सरळ रेषेत, फोन हातात. अ आणि क यांच्या झलकी: ६४, ६७, ७०, ६२. स्विस शून्य. जर्मन दोन मिनिटे. इटालियन १६ मिनिटे आणि इशारा. अ-ब आणि अ-क या दोन जोड्यांचे निकाल तिन्ही देशांत जसेच्या तसे एक आले. अर्धी मिनिटे सोडून एकच उंबरठा ठेवला आणि तो ६८ केला तर अ-ब ची १२ मिनिटे भरतात आणि अ-क ची पण १२. ६५ केला तर दोघांची आठ-आठ. दोन्ही रांगा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की त्यांच्यामधून रेघ ओढायला जागाच नाही. उंबरठा वर नेला की सगळेच जवळचे, खाली आणला की सगळेच दूरचे.

लीथ आणि फॅरेल यांनी म्हणूनच एका आकड्यावर थांबून निकाल दिला नाही. यंत्रणेची पहिली आवृत्ती तेव्हा अ‍ॅपला कच्चे आकडे देतच नव्हती. तुम्ही दोन उंबरठे सांगायचे, ती तीन कप्प्यांतली मिनिटे परत करणार, तीही पाच-पाचच्या पटीत आणि जास्तीत जास्त ३०. उंबरठे बदलत पुन्हापुन्हा विचारून घटीचा तपशील बाहेर काढावा लागला. त्यानंतर वेगवेगळे उंबरठे लावून पाहिले तरी निकाल प्रवाशांमधून यादृच्छिक निवड केल्यासारखाच राहिला. आयर्लंडचे स्वतःचे अ‍ॅप ७ जुलै २०२० ला आले, त्याच यंत्रणेवर.

सरासरी घेऊन भागत का नाही

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. सरासरीने डगमग कमी होते, कल जात नाही. ट्राममध्ये माणसे बसून असतात. फोन ज्या खड्ड्यात आहे त्यातच पंधरा मिनिटे असतो, आणि मधले धड पंधरा मिनिटे मध्येच असते. हजार मोजमापांची सरासरी घेतली तरी ती त्या खड्ड्याचीच सरासरी. चालत्या माणसाच्या बाबतीत सरासरी खरेच कामाला येते, कारण तो खड्डे ओलांडत जातो.

सरासरीत आणखी एक गफलत दडलेली असते, आणि ती सहसा नजरेतून सुटते. दूरच्या फोनची कमकुवत पॅकेटे ऐकूच येत नाहीत. जी ऐकू येतात ती नशिबाने जोरात आलेली. त्यांचीच सरासरी काढली की दूरचा फोन आहे त्यापेक्षा जवळ दिसतो. म्हणून किती पॅकेटे अपेक्षित होती आणि किती मिळाली हा आकडा आरएसएसआयच्या बरोबरीने ठेवायला हवा. सेकंदाला चार पॅकेटांपैकी एकच येत असेल तर तो स्वतःच दूर असल्याचा पुरावा आहे, बऱ्याचदा आरएसएसआयपेक्षा चांगला.

मोजायचेच असेल तर

ट्राम नसली तरी हा प्रयोग कुठल्याही कार्यालयात, वर्गात किंवा बसच्या डब्यात करता येतो. दोन अँड्रॉइड फोन आणि एनआरएफ कनेक्ट हे मोफत अ‍ॅप पुरते. एका फोनवर अ‍ॅडव्हर्टायझर चालू करायचा, दुसऱ्यावर स्कॅनर. काही जुन्या फोनना पॅकेट सोडता येत नाही, फक्त ऐकता येते. ते आधी तपासा. फोनऐवजी ईएसपी३२ हा ब्लूटूथ असलेला, प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड पॅकेट सोडायला ठेवला तर जास्त बरे, कारण त्याची ताकद तुम्ही ठरवता आणि तो मध्येच पत्ता बदलत नाही.

आधी मोकळ्या मैदानात सूत्रातला ‘क’, म्हणजे एका मीटरवरचा आरएसएसआय, काढा. दोन्ही उपकरणे जमिनीपासून मीटरभर उंच, लाकडी किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवा. स्टीलचे टेबल घेतले तर तेच मोजले जाईल. एक मीटरवर ६० सेकंद नोंद घ्या, मग फोन ९० अंशांत फिरवून पुन्हा, अशा चार दिशा. चारही दिशांचे आकडे वेगळे येतील. दहा डेसिबलचा फरक आला तर यंत्र बिघडलेले नाही, फोनचा अँटेना सगळीकडे सारखा नसतोच. चारही मिळून मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. सरासरी नको, कारण एखादा खोल खड्डा सरासरीला खाली ओढतो. ७५ किंवा ९० वा शततमक (पर्सेंटाइल) मध्यकापेक्षाही स्थिर मिळतो: लहरी एकमेकींना बळ देतात तेव्हा आकडा थोडाच वाढतो, पण खातात तेव्हा तो २० डेसिबलनेही कोसळतो.

मग खऱ्या जागेत जा. अर्धा, एक, दोन, चार आणि आठ मीटरवर चिकटपट्टीच्या खुणा करा. अंतरे दुपटीने वाढवली की उतार सरळ दिसतो. प्रत्येक खुणेवर तीन अवस्था नोंदवा: फोन हातात, खिशात, बॅगेत. आणि माणसे असू द्या. रिकाम्या डब्यात घेतलेले मोजमाप भरलेल्या डब्याबद्दल काहीच सांगत नाही. अंतर दुप्पट झाल्यावर मध्यक किती डेसिबलने पडतो ते पाहा. सहाने पडला तर न = २, साडेचारने पडला तर दीड. ‘न’ जितका लहान तितकी चूक मोठी: न = २ ला ६ डेसिबलच्या चुकीने अंतर दुप्पट होते, दीडला अडीचपट.

अँड्रॉइडच्या काही खोड्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू-बंद केला तर सिस्टिम गुपचूप निकाल देणे थांबवते. त्रुटीचा संदेशही दिसत नाही, आणि माणूस सिग्नल गेला समजून बसतो. एकदा सुरू करा आणि चालू ठेवा. अँड्रॉइड ८.१ पासून पुढे, फिल्टर न लावलेला स्कॅन स्क्रीन बंद होताच थांबतो. अँड्रॉइड १२ पासून स्कॅनसाठी वेगळी परवानगी लागते, त्याआधी लोकेशन चालू असावे लागे. आयफोनवर १२७ हा आरएसएसआय दिसला तर तो सिग्नल नव्हे, ‘आकडा मिळाला नाही’ अशी खूण आहे. ती न गाळता सरासरीत मिसळली की सगळी फाइल वाया.

शेवटी खुणेप्रमाणे दोन गट करा: दोन मीटरच्या आतले आणि बाहेरचे. ५० पासून ८० डेसिबलपर्यंत घटीचा एकेक उंबरठा घेऊन, आतले किती टक्के बरोबर पकडले ते उभ्या अक्षावर आणि बाहेरचे किती टक्के चुकून पकडले ते आडव्या अक्षावर मांडा. वक्र वरच्या डाव्या कोपऱ्याकडे फुगला तर त्या जागेत काम होईल. तिरप्या रेघेला चिकटून गेला तर तुमची ट्राम झाली. मग गाळण्या आणि फिल्टर बदलण्यात वेळ घालवू नका, प्रश्न बदला. फोन या खोलीत आहे की नाही, चार कोपऱ्यांत ठेवलेल्या चार रिसीव्हरपैकी कोणाला तो सर्वांत जोरात ऐकू येतो, तो जवळ येतोय की लांब जातोय, या प्रश्नांना आरएसएसआय बऱ्यापैकी उत्तर देतो. ‘किती मीटर’ला देत नाही.

आपल्याकडे आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आले. ते ब्लूटूथच्या जोडीला लोकेशनही वापरत असे. मुंबईच्या लोकलमध्ये मात्र हा प्रश्नच वेगळा होतो. गर्दीच्या वेळी चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी धरले जातात. दोन मीटर त्रिज्येचे वर्तुळ साडेबारा चौरस मीटरचे. कडेच्या पत्र्यामुळे थोडे कमी धरले तरी शंभरावर माणसे आत. तिथे दोन मीटर अचूक मोजून मिळाले असते तरी त्या यादीचे करायचे काय?

पुढे काय सुधारले

डब्लिनच्या आकड्यांचा अर्थ ‘ही अ‍ॅप्स निरुपयोगी होती’ असा लावला गेला, तो घाईचा होता. ट्रामच्या डब्यात अंतर ओळखता येत नाही एवढेच त्यातून सिद्ध होते. घरात, कार्यालयात, जेवणाच्या टेबलाभोवती लोक तासन्‌तास एकत्र असतात. तिथे धातू कमी, झलकी पुष्कळ, आणि अंतराचा अंदाज चुकला तरी सहवासाची लांबी बरोबर येते. इंग्लंड आणि वेल्सचे दुसरे अ‍ॅप २४ सप्टेंबर २०२० ला सुरू झाले. नेचर नियतकालिकात २०२१ साली आलेल्या अभ्यासाने त्याने टाळलेल्या बाधितांचा अंदाज एका पद्धतीने २,८४,००० आणि दुसऱ्या पद्धतीने ५,९४,००० असा दिला. दोन अंदाजांमधली दरी मोठी आहे, पण दोन्ही शून्यापासून बरेच लांब आहेत.

यंत्रणाही बदलली. पुढच्या आवृत्तीने अ‍ॅपला तीन कप्प्यांऐवजी प्रत्येक झलकीची माहिती दिली: त्या चार सेकंदांतली किमान घट, सर्वसाधारण घट, आणि आधीच्या झलकीला किती सेकंद झाले. किमान घट वेगळी मिळणे ही यातली खरी सुधारणा, कारण खड्ड्यात पडलेल्या फोनचे एखादे पॅकेट तरी दुसऱ्या चॅनेलवरून नीट येते. ब्रिटनच्या अ‍ॅपने यावर काल्मन पद्धतीची गाळणी बसवली. दोन झलकींच्या मधल्या काळात अंतर कसे बदलले असेल याचा ती अंदाज घेते आणि एका वाईट आकड्याला फार भाव देत नाही.

अंतर नेमके मोजणारे तंत्रज्ञान आज आहे. अल्ट्रा-वाइडबँड लहरीच्या प्रवासाचा वेळ मोजते. आयफोनमध्ये ते २०१९ पासून आहे, आणि त्याची चूक सेंटिमीटरांत असते. ब्लूटूथच्या सप्टेंबर २०२४ च्या ६.० आवृत्तीत आलेले चॅनेल साउंडिंग अनेक वारंवारतांवर लहरीची कला (फेज) तपासून अंतर काढते. दोन्हींना एक अट आहे: मोजणाऱ्या आणि मोजल्या जाणाऱ्या उपकरणाने एकमेकांशी बोलायला तयार असावे लागते, आणि चॅनेल साउंडिंगला तर आधी जोडणीच लागते. गाडीची डिजिटल किल्ली किंवा हरवलेली पिशवी यांना ते चालते. ट्राममधल्या अनोळखी फोनची तशी ओळख नसते, आणि गोपनीयतेसाठी ती नसणेच इष्ट मानले गेले. त्या फोनबाबत हाती उरतो तो आरएसएसआयच.